काका म्हणतील ते सोडून

माझी पुतणी प्रवेश परीक्षेत दोनदा इंग्रजीत आपटली, आणि दोन्ही वेळा तिला इंग्रजी मीच शिकवलं होतं. घरात हे कोणी तोंडावर बोललं नाही. धाकट्या भावाने एवढंच विचारलं की दादा, यंदा तिला क्लास लावला तर तुला वाईट नाही ना वाटणार. वाईट वाटलंच, पण ते वाटणं रास्त आहे की नाही याची खात्री होईना, म्हणून मी नाही म्हणालो.

पुतणी डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. केसपेपर काढायचे, पेशंटना रांगेत बसवायचं, आत डॉक्टर रागावले की बाहेर आपण गोड बोलायचं. पदवी मिळाल्या मिळाल्या तिने ही नोकरी धरली. तिच्यावरचा मॅनेजर तिच्याहून लहान आहे. रोज सकाळी काय काय करायचं ते हाच तिला विचारतो, आणि संध्याकाळी तेच केलं का म्हणून तिच्याकडून हिशेब घेतो. त्याच्याकडे रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आहे, हिच्याकडे नाही, एवढाच फरक. त्या अभ्यासक्रमाला वयाची अट होती आणि यंदाचा प्रयत्न शेवटचा होता. यंदा हुकलं की जन्मभर केसपेपर.

गणितात आणि तर्काच्या प्रश्नांत ती पोरगी ऐकायची नाही. घोडं अडायचं ते इंग्रजीपाशी. मी तिला सांगितलं होतं की उतारा शांतपणे वाच, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते समजून घे, मग प्रश्नाकडे वळ. तिने तसं केलं. परीक्षेत पाच उतारे होते; तिने दोन वाचले. ते दोन तिला इतके नीट समजले होते की घरी येऊन तिने ते आम्हाला सांगितले, आणि आम्ही सगळे जेवता जेवता थांबून ऐकत राहिलो. उरलेल्या तीन उताऱ्यांना तिचा हातही लागला नव्हता.

मी नोकरीभर ग्रंथालयात कॅटलॉगची कार्डं लिहिली. पुस्तक हातात आलं की ते कुठल्या कपाटात जावं हे ठरवायचं, असं ते काम. मला प्रत्येक पुस्तक तीन कपाटांत शोभेलसं वाटायचं. आमचे प्रमुख म्हणायचे, तुमचं ठरेपर्यंत नवं पुस्तक जुनं होतं. अशा माणसाकडे घड्याळ लावून द्यायच्या परीक्षेची तयारी सोपवणं ही मुळातच चूक होती, आणि ती बहुधा माझीच.

क्लास गाद्यांच्या दुकानाच्या वर होता. जिन्याच्या दोन्ही बाजूंना पास झालेल्यांचे फोटो. वर जाताना वाटायचं की एवढे लोक आपल्याकडेच बघून हसताहेत. क्लासचे सर तिशीतले, सडपातळ, कधी न बसणारे. बोलताना ते माणसाकडे बघायचे नाहीत, हातातल्या स्टॉपवॉचकडे बघायचे. त्यांचा एक नियम होता की प्रत्येक विद्यार्थ्याने रविवारी घरचा एक सोबती आणायचा. सोबत्याने पद्धत शिकून घ्यायची आणि आठवडाभर घरी घड्याळ धरून सराव करून घ्यायचा. भावाचं चष्म्याचं दुकान रविवारीच जास्त चालतं. भावजयीकडे शिवणाचे कपडे असतात. रिकामा मी. मी मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसलो.

पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं की उतारा वाचायचा नाही. वाचणं ही मागे पडणाऱ्यांची सवय आहे. पहिलं वाक्य बघायचं, शेवटचं वाक्य बघायचं, आणि मधे कुठे 'पण' दिसला तर त्याच्या पुढचं वाक्य बघायचं. एवढ्यावर उत्तर द्यायचं. लेखकाची वृत्ती काय असा प्रश्न आला तर टोकाच्या भावना आधी उडवायच्या. राग, प्रेम, हेवा, तिरस्कार हे लेखकाला परवडत नाहीत. लेखक एक तर सौम्य नापसंती दाखवतो, नाही तर सावधपणे आशावादी असतो. मला ग्रंथालयातले ओळखीचे सगळे लेखक आठवले. त्यातला कोणी सावधपणे आशावादी असल्याचं आठवेना, पण माझं वाचन तसं जुनं.

शब्दांसाठी सरांनी याद्या दिल्या होत्या. भावजयीने त्या कापून स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिकटवल्या, म्हणजे येता-जाता नजर पडेल. बडबड्या माणसासाठी इंग्रजीत इतके शब्द आहेत हे आम्हाला त्या निमित्ताने कळलं. साखरेच्या डब्यावर 'गॅर्युलस', चहाच्या डब्यावर 'लोक्वेशस', मिठाच्या बरणीवर 'टॅसिटर्न', म्हणजे अबोल. आठवडाभरात मिठाला घरात कोणी मीठ म्हणेना. भाऊ जेवताना म्हणायचा, जरा अबोल दे इकडे.

व्याकरणाचा भाग वेगळा होता. वाक्याचे तीन तुकडे द्यायचे. कुठल्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं. आणि शेवटी 'चूक नाही' असाही एक पर्याय. मला प्रत्येक तुकड्यात काही ना काही खटकायचं. 'चूक नाही' हा पर्याय निवडायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही.

महिन्याभराने सरांनी सोबत्यांनाही एक सराव परीक्षा द्यायला लावली, पोरांवर काय ताण येतो ते घरच्यांना कळावं म्हणून. चुकलं तर मिळालेले गुण कापले जात. मला शून्याच्याही खाली गुण पडले. पोरं हसली, पुतणीने मान खाली घातली. सर मात्र हसले नाहीत. माझा पेपर हातात धरून ते स्टॉपवॉचकडेही न बघता उभे राहिले आणि मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. इतर माणसं चुकतात ती वाटेल तशी चुकतात. कोणी झोपेत चुकतो, कोणी घाईत. प्रत्येक प्रश्नात एक पर्याय मुद्दाम फसवण्यासाठी ठेवलेला असतो, विचार करणाऱ्या माणसाला खरा वाटेल असा. मी एकूण एक प्रश्नात नेमका तोच निवडला होता.

"काका, असं अचूक चुकणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून मला क्लासमध्ये उशीवाली खुर्ची आणि चहा मिळू लागला. नवा प्रश्न तयार झाला की आधी माझ्यावर चालवून बघायचा. मी फसलो तर प्रश्न चांगला. नाही फसलो तर तो परत लिहायचा असं ठरलं होतं, पण तशी वेळ कधी आली नाही. पोरांना नवं सूत्र मिळालं: उत्तर शोधण्याआधी, हे काकांना विचारलं तर काय म्हणतील ते ठरवायचं आणि तेवढं खोडायचं. काका म्हणतील ते सोडून उरलेल्या तिनांत उत्तर. फळ्यावर सर कधी कधी एखाद्या पर्यायापुढे नुसतं 'का' लिहायचे आणि सगळ्यांना कळायचं.

पुतणीला सुरुवातीला लाज वाटली. दोन-तीन दिवस ती माझ्याशी 'टॅसिटर्न' वागली. मग एका सकाळी कामावर निघता निघता पुस्तक पुढे करून म्हणाली, काका, सांग ना. मी विचार करून सांगितलं. तिने ते खोडलं, उरलेल्यांतून एक निवडलं आणि ते बरोबर आलं. मग रोजच. तिचे गुण चढू लागले. इतकी वर्षं घरात माझ्या मताची कोणी वाट बघितली नव्हती. आता सकाळी मी दात घासून येईपर्यंत पोरगी पेन्सिल घेऊन उभी असायची. मला आनंद होत होता हे कबूल करायला हवं. आपण उपयोगी पडतो आहोत की नाही हे मला कधीच कळलेलं नाही, इथे निदान गुण दिसत होते.

हे लोण घरभर पसरायला वेळ लागला नाही. भावजय विचारायची, भाऊजी, अस्तराचं कापड उद्या येईल का. मी येईल म्हणालो की ती दुसऱ्या दुकानात फोन करायची. भाऊ चष्म्याच्या नव्या फ्रेमा पसरून विचारायचा, दादा, यातली कुठली खपेल. मी एक उचलायचो. तो बाकीच्या मागवायचा आणि त्या खपायच्या.

परीक्षा झाली. सगळी पोरं सरळ क्लासच्या जिन्यात जमली आणि प्रश्न आठवून आठवून सरांना सांगू लागली. पुतणी कामावर निघून गेली होती. पेपर परीक्षा मंडळाने दोन दिवसांनी वेबसाइटवर टाकला. उत्तरसूची आठवड्याने यायची होती. सवयीने सरांनी पेपर छापून आधी माझ्यापुढे ठेवला. मी नेहमीसारखा सोडवला, त्यांनी नेहमीसारखी माझी उत्तरं खोडली, आणि उरलेल्यांवरून पोरांना सांगितलं की यंदा क्लासचा निकाल विक्रमी लागणार.

मग उत्तरसूची आली. ती सरांच्या अंदाजाला जुळत होती. फक्त एका उताऱ्याच्या एका प्रश्नात मंडळाने दिलेलं उत्तर माझं होतं.

तो उतारा एका कालव्याचा. त्या कालव्याच्या फाटकावर एक राखणदार असतो. बोट आली की पाण्याचं दार उघडायचं हे त्याचं काम, आणि बोटी कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालेल्या. मुख्यालयातून एक अधिकारी तपासणीला जातो. उतारा त्या अधिकाऱ्याच्या तोंडचा. पहिलंच वाक्य असं की इतकं निरुपयोगी पद मी सरकारात दुसरं पाहिलं नाही. मग तो सांगतो की राखणदार दार उघडत नसला तरी दर वर्षी त्याला रंग देतो. दुपारी झाडाखाली झोपतो. पाणी बोटभर चढलं तरी त्याला झोपेत आवाजावरून कळतं. अधिकारी जेवायला थांबतो, मग चहाला थांबतो, मग दिवेलागणीपर्यंत थांबतो, आणि प्रत्येक वेळी लिहितो की कामाचा वेळ असा वाया जाताना पाहून आश्चर्य वाटलं. शेवटचं वाक्य: या पदावर कडक देखरेख हवी, सबब दर महिन्याला तपासणी व्हावी आणि त्यासाठी मी स्वतः जावं, अशी शिफारस मी अहवालात केली.

प्रश्न होता, लेखकाला राखणदाराबद्दल काय वाटतं. पर्याय चार: नापसंती, कीव, सावध आशावाद, हेवा.

क्लासच्या सगळ्या पोरांनी पहिलं वाक्य बघितलं, निरुपयोगी. शेवटचं बघितलं, कडक देखरेख. आणि नापसंती निवडली. हेवा तर टोकाची भावना, शिवाय काका तेच म्हणतील. हेवा निवडणारी क्लासमधली एकटी माझी पुतणी. तिचे गुण मोजले तर ती प्रवेशाच्या रेषेच्या जेमतेम आत होती. तो एक प्रश्न गेला की बाहेर.

मंडळ उत्तरसूचीवर हरकती मागवत असे, पण हरकतीला जाणकाराचं मत जोडावं लागे. सरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांनी मजकूर तयार ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की, खाली सही करणारे गृहस्थ वर्षभर सातत्याने चुकत आलेले आहेत, त्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. सदर प्रश्नात त्यांनी 'हेवा' हा पर्याय निवडला. सबब तो बरोबर असू शकत नाही. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

मी वाचलं. तर्कात मला खोट सापडेना. मी म्हणालो, माझी पुतणी या एका प्रश्नावर आत आहे. सर म्हणाले, मला माहीत आहे काका, पण बाकीची जी पोरं या एका प्रश्नामुळे बाहेर आहेत तीही कुणाची तरी पुतणीच आहेत. हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नाही. त्यांनी मला विचार करायला दोन दिवस दिले.

ते दोन दिवस मी तो उतारा पेपरातून कापून खिशात घेऊन फिरलो. भावाच्या दुकानात, आरशांसमोर चेहरे वाकडे करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मागे बसून वाचला. दवाखान्याच्या बाकावर, डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या माणसांमधे वाचला. दर वेळी उत्तर हेवाच येई, आणि दर वेळी मनात येई की येणारच, वाचणारा तूच आहेस. पोरगी आपली आहे म्हणून मला ते बरोबर वाटतं का? की ते माझं उत्तर आहे म्हणून चूक वाटतं? सही केली तर पोरगी जन्मभर केसपेपर काढणार. नाही केली, आणि उत्तर खरंच चूक असलं, तर चार घरच्या पोरांच्या तोंडचा घास मी काढणार. कापलेला उतारा घडी घालून घालून मऊ झाला.

शेवटी दवाखाना सुटल्यावर मी पुतणीला विचारलं की तू हेवा का निवडलंस. ती काउंटरची काच पुसत होती.

"आधी तुझं म्हणून खोडलंच होतं," ती म्हणाली. "मग पुढच्या प्रश्नासाठी शेवटचं वाक्य परत बघितलं आणि मला हसू आलं. परीक्षेत. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. म्हटलं, इतकं हसू येतंय तर काय आहे ते बघू, म्हणून पहिल्यापासून वाचून काढलं. वेळ गेला त्यात, एक उतारा राहिला."

"मग?"

"मग काय. त्या साहेबाला तिथून निघायचंच नव्हतं रे. दर महिन्याला जायची सोय करून घेतलीय त्याने." तिने कापड पिळलं. "सरांनी सही मागितलीय ना? मला माहितीय. पोरं बोलताहेत. तू माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस."

मी ते तिच्यासाठी करत होतो की नव्हतो, हे मला आजही नक्की सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेलो. सरांनी पेन पुढे केलं.

"उत्तर बरोबर आहे," मी म्हणालो.

"कुठलं?"

"माझं."

सरांनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, काका, वर्षभरात तुमचं एकही बरोबर आलेलं नाही. मी म्हणालो, खरं आहे. ते म्हणाले, मग नेमकं हेच बरोबर कसं? मला वाद घालता येत नाही. मी खिशातून उतारा काढला आणि वाचायला लागलो. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला सरांनी सांगितलं की शेवटचं वाचा. मी मधलं वाचत राहिलो. माझा आवाज बारीक आहे आणि इंग्रजी उच्चार जुने आहेत, तरी मी थांबलो नाही. जेवण झालं, चहा झाला, दिवे लागले. शेवटच्या वाक्याला सरांच्या ओठांची एक बाजू जराशी वर गेली. मी नीट पाहिलं. मग त्यांनी ती खाली आणली.

"असेलही," ते म्हणाले. "पण काका, परीक्षेत असं कोण वाचतं?"

मी सही केली नाही. सरांनी मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलाची सही घेऊन हरकत पाठवली, आणि तो त्यांचा हक्कच होता. पंधरवड्याने मंडळाने कळवलं की उत्तर बदलत नाही. कारण दिलं नाही. पुतणी आत राहिली, यादीत शेवटून दुसरी.

सरांनी जिन्यात तिचा फोटो लावला आणि त्याखाली लिहिलं की हे यश आमच्या पद्धतीचं. पद्धतीत त्यांनी एक कलम वाढवलं: शेवटच्या वाक्यात लेखक परत यायचं म्हणाला तर हेवा. पोरांनी ते पाठ केलं. मला त्यांनी चहा देऊन, अगदी आदराने सांगितलं की आता खुर्चीची गरज नाही. एकदा तुमचं बरोबर आलं की तुमच्यावर भरवसा कसा ठेवायचा? कुठल्या वेळी तुम्ही बरोबर आणि कुठल्या वेळी चूक, हे ओळखायला पोरांना उताराच वाचावा लागेल. मला ते पटलं. उशी माझी नव्हती, ती तिथेच ठेवली.

पुतणीने दवाखान्यात राजीनामा दिला. त्या दिवशी ती अभ्यासक्रमाच्या पुस्तकांची यादी घेऊन घरी आली. यादीच पानभर होती. भावजयीने ती हातात घेऊन खालपर्यंत बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. ही सगळी वाचायची? पहिलं आणि शेवटचं वाक्य नव्हे, सगळी? पुतणी हो म्हणाली, पण तिचाही आवाज जरा खोल गेला होता.

"भाऊजी," भावजय माझ्याकडे वळली, "खरं सांगा, हिला जमेल ना?"

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मी यादी घेतली. त्यातली काही पुस्तकं मी ओळखत होतो. एकेकाळी त्यांची कार्डं लिहिली होती, कुठल्या कपाटात ठेवावीत ते न ठरवता. मी पुतणीकडे पाहिलं. ती डब्यावरची 'लोक्वेशस'ची चिठ्ठी नखाने खरवडत होती.

"जमेल," मी म्हणालो.

भावाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तू नाही जमणार म्हण ना. आम्हाला जरा बरं वाटेल."

पुतणी हसायला लागली, मग भावजयही. मी पुन्हा यादी वरपासून खालपर्यंत वाचली, थोडा वेळ घेतला, आणि उत्तर बदललं नाही.